साहेबांना निजवणारा मुलगा

छत्रीबाग, इंदूर
१२ नोव्हेंबर १९५३

चि. लक्ष्मीकांत भावोजींस, पद्मजाचे अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिताना दर वेळी हसू येतं. तुम्ही माझ्याहून वर्षभरानं मोठे, पण दीर पडलात, त्याला इलाज नाही.

तुमचं दफ्तर थंडीसाठी ग्वाल्हेरला गेलं की आपली गल्ली अगदी सुनी होते. अर्ध्या घरांतले कारकून तिकडे. राजधान्या दोन केल्या सरकारनं, पण घरं दोन नाही दिली कुणाला. सासूबाई सरोजिनीवन्संच्या बाळंतपणाला देवासला गेल्यात, संक्रांत करूनच येतील. घरात मी आणि अप्पासाहेब.

जाताना सासूबाईंनी ह्यांच्या काळ्या ट्रंकेची किल्ली माझ्या हातात दिली, लोकरीचे कपडे उन्हात घाल म्हणून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती ट्रंक मी उघडली. तळाशी, फौजी कांबळ्याखाली बिस्किटांचा एक डबा निघाला. आत पुठ्ठ्याची छोटी छोटी चित्रं, बोटभर लांब. प्रत्येकावर एकेक साहेब, पांढरे कपडे, हातात बॅट किंवा चेंडू. मागं बारीक इंग्रजी. एका गोऱ्यागोमट्या साहेबाला कुणीतरी काजळानं मिशी काढली आहे. हे ह्यांचंच ना? ह्यांना क्रिकेटचं वेड होतं? मला काहीच ठाऊक नाही.

विचारायचं कारण आहे. काल जेवण झाल्यावर अप्पासाहेबांनी मला समोर बसवून घेतलं. म्हणाले, माघात अच्युतला बेपत्ता होऊन बारा वर्षं होतील. बारा वर्षांनी पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा असं शास्त्र आहे. नाहीतर त्याचा जीव भटकत राहील, आणि दादाचं काही कळल्याशिवाय लक्ष्मीकांत बोहल्यावर चढायला तयार नाही, म्हणजे धाकटाही अडकून. मग म्हणाले, "पण सूनबाई, कुंकू तुमचं आहे. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी गुरुजींना बोलावणार नाही." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. माझ्या नव्हतं.

भावोजी, मी ह्यांच्याबरोबर एक श्रावण आणि अर्धा भादवा राहिले. मग पलटण मलायाला गेली, सिंगापूर पडलं, आणि त्यानंतर एक अक्षर नाही. मला चेहराही आता फोटोतलाच आठवतो. ज्याला मी ओळखत नाही त्याच्यासाठी कुंकू पुसू कशी, आणि ठेवू तरी कशी? एकदा नीट रडता आलं असतं तर मी हो म्हटलं असतं. ते रडूच येत नाही. म्हणून विचारते, ह्या डब्याचं काय ते सांगा.

तुमची,
पद्मजावहिनी

---

लष्कर, ग्वाल्हेर
२१ नोव्हेंबर १९५३

ती. सौ. वहिनींस शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र दफ्तरात मिळालं. बडे बाबू समोर होते म्हणून खिशात ठेवलं, नाहीतर तिथंच मोठ्यानं ओरडलो असतो. तो डबा आहे अजून? अप्पासाहेबांनी तो बंबात घातला असं मी आजवर धरून चाललो होतो.

हो वहिनी, दादाचाच.

छावणीत एका पारशी शेटजींचं दुकान होतं. साहेब लोक तिथून विलायती सिगारेट घेत. प्रत्येक पाकिटातून एक चित्र निघायचं. साहेबाला त्याचं काय, तो पाकीट तिथंच फोडून चित्र पायरीवर टाकून देई. शाळा सुटली की दादा छत्रीबागेतून छावणीपर्यंत पायी जायचा आणि समोरच्या लिंबाखाली उभा राहायचा. शेटजी म्हणायचे, "क्यों भिया, आज कौनसा साहब चाहिए?" मागच्या इंग्रजीवर बोट ठेवून ठेवून त्यानं शब्द लावले. मास्तरांना वाटे पोरगा त्यांच्यामुळे हुशार झाला.

मिशीचं म्हणाल तर तो कप्तान होता. बिनमिशीचा कप्तान दादाला पटेना. आपल्या होळकरी फौजेत त्यानं तसा कधी पाहिला नव्हता. मग आईच्या काजळाच्या डबीत काडी बुडवून काम करून टाकलं. आईनं विचारलं तर मांजराचं नाव सांगितलं.

इथं थंडी फार. खोलीत आम्ही तिघं इंदूरवाले, स्वयंपाकाची पाळी लावली आहे. माझ्या पाळीला दोघं उपास करतात.

विधीचं अप्पासाहेबांना म्हणावं, सावकाश बघू. बारा वर्षं थांबलो, आता घाई काय आहे? आणि तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. आणखी काही विचारायचं असेल तर विचारा.

आपला,
लक्ष्मीकांत

---

छत्रीबाग
४ डिसेंबर १९५३

चि. भावोजींस आशीर्वाद.

मांजराचं वाचून मी चुलीपुढं एकटीच इतकी हसले की अप्पासाहेब काठी टेकत आले. त्यांना काय सांगणार? म्हटलं, धूर गेला डोळ्यांत.

त्यांना मी डबा दाखवलेला नाही. तुम्ही बंबाचं लिहिलंत ना, म्हणून भीती वाटली, पुन्हा रागवायचे. माझ्या खोलीतच ठेवला आहे. दुपारी काम आटोपलं की सगळे साहेब चटईवर मांडते आणि मागचं इंग्रजी लावायचा प्रयत्न करते. माझं इंग्रजी बेताचंच, पण ह्यांना जमलं ते मला का जमू नये?

एक मात्र जुळत नाही. मी पाहिलेला माणूस अगदी घुम्मा होता. जेवायला बसले की मान खाली. पहाटे आखाड्यात जायचे, अंगाला तांबडी माती लावून यायचे, विहिरीवर आंघोळ, की पुन्हा गप्प. त्या दीड महिन्यात मला त्यांनी विचारलेला एक प्रश्न आठवतो, "शेव आवडते?" मी मान हलवली. संध्याकाळी सराफ्यातल्या खाऊच्या दुकानांतून इतकी शेव आणली की आठ दिवस पुरली. एवढाच आमचा संसार. असा बोलका, खोडकर मुलगा पुढं असा कसा झाला हो? की मीच घाबरून बसले आणि ते माझ्यामुळे गप्प राहिले? हा विचार मला हल्ली फार छळतो.

आणखी सांगा. लांब लिहा. सरकारी कागदासारखं नको.

आणि तुमचं काय ते लग्नाचं? द्वारकाबाईसाहेबांनी, म्हणजे तुमच्या मातोश्रींनी, देवासला एक मुलगी हेरली आहे म्हणे. कुमुदिनी नाव. तुमच्या हातचं जेवून तुमचे सोबती मेले नाहीत तोवर करून टाका.

पद्मजावहिनी

---

लष्कर, ग्वाल्हेर
१९ डिसेंबर १९५३

ती. सौ. वहिनींस नमस्कार.

तुमच्यामुळे दादा गप्प राहिला हे डोक्यातून काढून टाका. बिलकुल नाही. माणूस मोठा होतो, पलटणीत जातो, गप्प होतो. श्रावण संपून भादवा लागला तेव्हा मला त्यानं एकदा म्हटलं होतं, "तुझी वहिनी हसते छान." त्याच्या हिशेबानं हे भाषणच झालं.

लांब लिहा म्हणालात, लिहितो.

थंडीच्या दिवसांत तो झोपायच्या आधी साहेबांना निजवायचा. चटईच्या कडेला सगळे ओळीनं मांडायचे आणि वरून आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पांघरायचा. त्यातही शिस्त होती. बॅटवाल्याशेजारी चेंडूवाला निजवायचा नाही, रात्री भांडतील म्हणून. यष्टीमागं उभा राहणारा एक होता, तो मधे. तो दोघांना सांभाळील. एका चित्राचा कोपरा उंदरानं खाल्ला होता. त्या साहेबाला तो आपल्या उशाशी घ्यायचा, कारण आजारी माणसाला एकटं ठेवत नाहीत. सकाळी उठून आधी त्याचं कपाळ बघायचा, ताप उतरला का ते.

एकदा अप्पासाहेबांना कुणीतरी सांगितलं की तुमचा मुलगा छावणीत सिगारेटच्या दुकानापुढं उभा असतो. घरी येताच छडी. का उभा होतास, सांग म्हणाले. तो चित्रांचं बोलला नाही. बोलला असता तर डबा गेला असता. मार खाल्ला, पण खिशातल्या नव्या साहेबावर हात धरून होता. रात्री त्यालाही निजवलं. स्वतःला पालथं निजावं लागलं.

हे कुणाला सांगितलेलं नाही मी. पहाटे लिहायला बसलो होतो, शाई गोठल्यासारखी झाली आहे, अक्षर सांभाळून घ्या.

मुलगी वगैरे बघू नका म्हणावं आईला. मला इथं काही कमी नाही.

लक्ष्मीकांत

---

छत्रीबाग
१७ जानेवारी १९५४

चि. भावोजींस आशीर्वाद.

उत्तराला महिना लागला. माफ करा.

तुमचं पत्र आलं त्या दुपारी मी साहेबांना चटईवर मांडलं. तो उंदरानं खाल्लेला सापडला. हातात घेतला आणि माझं मलाच कळलं नाही, एकदम हुंदका आला. मग थांबेचना. बारा वर्षांचं रडले. शेजारच्या कमलमावशी धावत आल्या, त्यांना वाटलं माहेरचं काही वाईट कळलं. मी त्यांना सांगत होते, किती गुणी मुलगा होता हो, किती मायाळू. त्या बिचाऱ्या माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या.

भावोजी, आता मी त्यांना ओळखते. तुम्ही ओळख करून दिलीत. असा नवरा मला मिळाला होता आणि मला पत्ता नव्हता, ह्याचं दुःख होतंय, पण ते माझं आहे, हक्काचं आहे. इतके दिवस नुसतं लोकांनी सांगितलं म्हणून वाट बघत होते.

परवा संक्रांतीचं हळदीकुंकू केलं. सगळ्या गल्लीला बोलावलं, कुणाला वगळलं नाही. वाण म्हणून करंडे लुटले. मी स्वतःला लावलं तेही ठसठशीत. शेवटचं म्हणून. मग अप्पासाहेबांना जाऊन सांगितलं, गुरुजींना बोलवा.

माघ वद्यातला दिवस धरला आहे. मुलगा नाही, म्हणून अग्नी धाकट्या भावानं द्यायचा. तुम्ही रजा काढून या. एक मागणं आहे. तो डबा त्यांच्याबरोबर जाऊ द्या. पानांच्या माणसाजवळ त्यांचं स्वतःचं असं काहीतरी असलं म्हणजे तो माणूस होईल.

पद्मजावहिनी

---

लष्कर, ग्वाल्हेर
२४ जानेवारी १९५४

ती. सौ. वहिनींस नमस्कार.

रजा मंजूर झाली. येतो.

डब्याचं मात्र पुन्हा विचार करा. विधीत असलं काही टाकत नाहीत, गुरुजी रागवायचे. आणि विलायती पुठ्ठा आहे, त्यावर कसला कसला चकाकीचा रंग. शिवाय तुमच्याजवळ दादाचं दुसरं काय आहे? ठेवून घ्या. कधी वाटलं तर काढून बघता येईल. तुम्हाला नको असेल तर माझ्याकडे द्या, मी सांभाळीन. एवढं माझं ऐका.

लक्ष्मीकांत

---

छत्रीबाग
३० जानेवारी १९५४

चि. भावोजी,

गुरुजींना मी विचारलं. मृताच्या आवडीची वस्तू चालते म्हणाले.

तुम्ही हट्ट करू नका. तुम्हाला भावाची आठवण हवी हे मला समजतं, पण तुमच्याजवळ सगळं लहानपण आहे. माझ्याजवळ फक्त हा एक दिवस आहे. मी माझा माणूस पाठवते आहे, त्याला रिकाम्या हातानं पाठवू का? थंडीत साहेब कुणाजवळ निजतील ह्याची ज्याला काळजी, त्याला ते नकोत?

पुन्हा ह्यावर लिहू नका. या.

पद्मजा

---

लष्कर, ग्वाल्हेर
८ मार्च १९५४

वहिनी,

मायना लिहायला घेतला आणि हात थांबला. बारा वर्षं जे लिहीत आलो ते आता लिहिता येत नाही, आणि जे लिहायचं ते माझ्यानं लिहवत नाही. म्हणून नुसतं वहिनी.

बायका घाटावर येत नाहीत, तेव्हा तिथलं सांगणं माझं काम होतं. सुतकाचे दिवस मी तुमच्यासमोर वावरलो, पण बोलणं झालं नाही. तुम्ही आतल्या खोलीत होता, आणि मला दार ओलांडायचं धैर्य नव्हतं.

खान नदीच्या काठी गुरुजींनी दर्भावर पळसाची पानं मांडली. हात, पाय, छाती. डोक्याच्या जागी नारळ. वरून पांढरं वस्त्र घातलं तेव्हा खरंच कुणी निजल्यासारखं वाटलं. दादाच्या मानानं आखूड झालं. अप्पासाहेब म्हणाले, खांदे आणखी रुंद करा, माझा मुलगा पैलवान होता. गुरुजींनी आणखी पानं लावली.

अप्पासाहेब मग नदीकडे तोंड करून बसले, तेव्हा मी डबा काढला. उपडा केला नाही. एकेक साहेब काढून छातीवर ठेवला. बॅटवाले एकीकडे, चेंडूवाले एकीकडे, मधे तो यष्टीवाला. लोकांना वाटलं असेल हा वेडा झाला. उंदरानं खाल्लेला नारळाशेजारी ठेवला. मग अग्नी दिला. पुठ्ठा लवकर पेटतो. पळसाची पानं ओली होती, त्यांना वेळ लागला.

परत आलो तेव्हा तुम्ही दारात पाण्याची घागर घेऊन उभ्या होता. हात मोकळे. मी वर बघितलं नाही.

तुम्हाला जसं हवं होतं तसं झालं, एवढंच कळवायचं होतं. चैत्रात दफ्तर इंदूरला येईल, तेव्हा भेटूच. तब्येत सांभाळा. जेवत जा.

लक्ष्मीकांत

---

छत्रीबाग
२२ मार्च १९५४

चि. लक्ष्मीकांत भावोजींस आशीर्वाद.

सासूबाईंनी काल काळी ट्रंक उघडली. कांबळं झटकून झटकून बघितलं, आणि मला म्हणाल्या, लखूचा डबा कुठं गेला? कुमुदिनी घरात आली की गंमत म्हणून तिच्या ओटीत घालणार होते.

मी म्हटलं, ह्यांचा डबा. त्या म्हणाल्या, "अगं, अच्युताला कुठलं क्रिकेट? त्याला आखाड्यापलीकडे जग नव्हतं. लखू त्या चित्रांना निजवायचा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तुम्ही मॅट्रिकला नापास झालात. अप्पासाहेब डबा घेऊन बंबाकडे निघाले. ह्यांनी वाट अडवली. आयुष्यात वडिलांसमोर वर मान केली नव्हती ती तेव्हा केली. डबा हातातून काढून घेतला, आपल्या ट्रंकेत ठेवला आणि कुलूप लावलं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही पुन्हा परीक्षेला बसायचे होता. पास झाला की देईन म्हणाले. तुम्ही पास झालात तेव्हा हे बोटीवर होते. पलटणीतून आईला आलेल्या एकाच पत्रात शेवटी होतं, लखूची वस्तू ट्रंकेत आहे, उंदीर बघत जा. सासूबाईंना वाटलं तुम्हाला कधीच ठाऊक असेल.

तेव्हा हे माझे. हे खरे. ज्यांनी न बोलता धाकट्या भावाचं वेड कुलपात जपलं, ते. त्यांनी जपलेली ती एकच वस्तू, आणि मी हट्ट करून ती जाळायला लावली. तुमच्याच हातानं.

तुमच्यावर रागवावं असं फार वाटलं. रागावलेही. रात्रभर मनात तुमच्याशी भांडत होते, का खोटं बोललात म्हणून. सकाळी उठले तर भांडण संपलेलं होतं. माझ्या पहिल्या पत्रात मी काय लिहिलं होतं ते आठवलं. रडू येत नाही, काही तरी सांगा, असं मीच म्हटलं होतं. तुमच्याजवळ जे होतं ते तुम्ही दिलंत. दादाजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून स्वतःचं दिलंत.

पण त्यानं काय झालं ते तुम्हाला कळायला हवं, आणि हे मी एकदाच लिहीन. ज्या मुलासाठी मी रडले, ज्याला ओळखलं म्हणून कुंकू पुसायला हो म्हटलं, त्याला मी माझा नवरा म्हणून मनात घेतलं होतं. महिनाभर रोज दुपारी. तो मेलेला नाही. तो ग्वाल्हेरला खोलीत वाईट स्वयंपाक करतो आणि चैत्रात ह्या घरी येणार आहे. मी त्याला पाणी देणार, वाढणार, भावोजी म्हणणार. ते मला जमणार नाही.

उज्जैनच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका हव्या आहेत. माझ्या मामांची ओळख आहे. अप्पासाहेबांना विचारलं, त्यांनी नाही म्हटलं नाही. तुमचं दफ्तर येण्याच्या आधी मी गेलेली असेन. सासूबाईंना ठाऊक नाही मी का जाते. त्यांना वाटतं, घर खायला उठतं म्हणून. तसंच राहू द्या. मला पत्र लिहू नका. आलं तर मी वाचीन, म्हणून लिहू नका.

ह्यांच्यासाठी मी काल रात्री पहिल्यांदा रडले. थोडंच आलं, पण ते त्यांचं होतं.

कुमुदिनीला मी पाहिलं आहे, सासूबाईंबरोबर ती दोन दिवस आली होती. हसरी आहे, खूप प्रश्न विचारते. तिला हो म्हणा. आणि साहेबांना निजवायच्या त्या गोष्टी तिला सांगा, भावोजी. पण तुमच्या म्हणून सांगा.

पद्मजावहिनी